आठ मिलिमीटरचा आटा

पत्र आलं नाही. फोन आला नाही.
सकाळी गॅसवर चहा ठेवून पासवर्ड टाकला
तर पाटी : हे खातं अस्तित्वात नाही.
अकरा वर्षं. नांदूरमध्यमेश्वरची सातशे टिपणं,
चक्रवाक किती, कुठल्या रविवारी,
गाळपेरावरून उठलेला थवा कुणीकडे वळला,
आणि खाली लोकांचं बोलणं.
चहा उतू गेला.
मी तिथे भाडेकरूही नव्हतो.
भाडेकरूला निदान पावती असते.

नावही धड माझं नव्हतं.
दगडू पगार आधीच कुणीतरी घेतलेला,
म्हणून मी दगडू पगार सत्त्याहत्तर.
उरलेल्या शहात्तरांना कधी भेटलो नाही.

सातपूरला टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काढली.
एक परदेशी मशीन होती कोपऱ्यात,
तिचे आटे तिचेच, जगात दुसरीकडे नाहीत.
एक नट हरवला की मुंबईला तार,
दोन महिने थांबा, आणि मागेल ती किंमत.
वाघचौरे फोरमन तिला जावई म्हणायचे.
बाकी सगळं आठ मिलिमीटर, सव्वाचा पिच :
लुधियानाचा बोल्ट, अंबडचा नट,
एकमेकांची जात न विचारता बसायचे.
कुठेतरी, कुठल्याशा टेबलाभोवती
माणसं भांडली असतील दुपारभर
आणि ठरवला असेल हा साठ अंशांचा कोन.
त्यांचं नाव एकाही बोल्टवर नाही.

हेमांगी खैरनार, समोरच्या बिल्डिंगमधली,
लॅपटॉप माझ्या भाजीच्या ताटाशेजारी ठेवून म्हणाली,
काका, वेबलापण आटे आहेत. ठरलेले. फुकट.
मोठ्या कंपन्या वरून आपापलं झाकण लावतात,
तुमच्या जावयासारखं.
मग तिने मला माझं नाव विकत घेऊन दिलं,
वर्षाला सहा जणांच्या मिसळीएवढे पैसे.
पुढे आकडा नाही.

पण मी मीच, हे कळणार कसं?
मी आधारची झेरॉक्स काढून ठेवली होती.
ती हसली. दोन ओळी लिहिल्या फक्त :
या पानावरून बोट, तिकडे फोटो टाकतो तो मी.
त्या पानावरून बोट, इकडे घर आहे तो मी.
दोन्ही बोटं एकमेकांकडे.
शिक्का नाही, साहेब नाही.
शेजारचे आहेर नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त,
जन्मभर पासपोर्टचा कागद उजेडात धरून पाहिलेले.
त्यांना हे काही पटलं नाही.
बिनशिक्क्याचा माणूस, म्हणाले,
आणि चष्मा पुसत बसले.

गेल्या महिन्यात दारावर टकटक :
मालेगावहून शाहिस्ता अन्सारी.
गिरणेवर तिला दिसलेल्या शेकाट्यांबद्दल
तिने तिच्या पानावर लिहिलं,
माझ्या टिपणाची चूक दाखवून.
शब्द तिच्याच घरात राहिले, उद्या तिला वाटलं तर पुसेल.
माझ्याकडे फक्त निरोप आला.
मी चूक दुरुस्त केली. आटा बसला.
हाताला कळतं ते, गेज लावावा लागत नाही.

जुनं मात्र परत आलं नाही.
डायऱ्यांतून नव्वद टिपणं निघाली,
आणि लोकांचं बोलणं कुठल्या डायरीत असणार?
निफाडचा एक होता, प्रत्येक बदकाला
आपल्या मावशांची नावं ठेवायचा.
त्याचं खरं नाव मी विचारलं नव्हतं.
अधूनमधून शोधतो. मावश्यांच्या नावांनीसुद्धा.

काल बंधाऱ्यावर पट्टकदंबांचे वीसेक.
एकाच्या मानेत हिरवा पट्टा, त्यावर अक्षरं,
डोंगरांपलीकडे कुणीतरी घातलेला.
दुर्बीण स्थिर होईना, वाचता आलं नाही.
तो चिखलात चोच खुपसून खात होता.
घरी येऊन लिहिलं, माझ्या पानावर :
पट्टकदंब, एकवीस.
एकाच्या गळ्यात नंबर.